सहलीत भेटणारे सरपटणारे प्राणी

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या वर्गाची सहल साल्हेरला गेली होती. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ च्या लढाईसाठी तो इतिहासात प्रसिद्ध आहे, पण मला मात्र तो एका सापामुळे आठवतो. वाघांब्याच्या बाजूने चढताना वाटेकडेच्या करवंदीच्या जाळीत दोन-अडीच फुटांचा, मातकट रंगाचा, पाठीवर पांढुरक्या नागमोडी खुणा असलेला साप दिसला. "फुरसं! फुरसं!" असा ओरडा झाला आणि दोन मिनिटांत दगडांनी त्याचा निकाल लागला. खरे सांगायचे तर त्यातला एक दगड माझा होता. बरोबर आलेल्या गावकऱ्याने काठीने ते कलेवर उलटेपालटे करून पाहिले आणि तो शांतपणे म्हणाला, "हा मांजऱ्या. हा मानसाला काही करत नाही."

ते वाक्य मनाला लागले. मग परतल्यावर ग्रंथालयातली पुस्तके काढली, सर्पमित्रांना भेटलो, आणि जे समजले ते येथे मांडतो आहे.

आपल्या भागात माणसाच्या जिवाला धोका असलेले साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. गंमत अशी की यांतल्या बहुतेकांचा एक निरुपद्रवी 'तोतया' असतो. फुरसे बहुधा फूट-दीड फुटाचे, आखूड व खरखरीत खवल्यांचे; डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. डिवचले की ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी करून अंगावर अंग घासते आणि करवत चालवल्यासारखा आवाज करते. मांजऱ्या सडपातळ व लांब, मान बारीक, डोके मोठे, खवले गुळगुळीत. तोही वेटोळे करून अंगावर येण्याचा आव आणतो, म्हणूनच बिचारा मारला जातो. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असतात आणि तिचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. तिच्यासारखी दिसणारी डुरक्या घोणस मात्र बिनविषारी.

सर्वांत घातक गोंधळ मण्यार आणि कवड्या यांचा. दोघेही काळसर, दोघांच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे. पण कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट असतात. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि तिचा दंश फारसा दुखत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस काही तरी चावले म्हणून कूस बदलतो आणि पहाटेपर्यंत त्याचा श्वास अडखळू लागतो. मांजऱ्याला फुरसे समजलो तर साप मरतो. मण्यारीला कवड्या समजलो तर माणूस मरतो. म्हणून ओळख पटो न पटो, हात लावायचा नाही.

दंश झालाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून दोरी आवळणे, मंत्राला बसवणे हे सारे घातक. दंशाचा अवयव हाडमोडीप्रमाणे स्थिर ठेवावा, रोग्याला चालवू नये आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिसर्पविष लस घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात आणि आपल्याकडे मिळणारी लस वरील चार सापांच्या विषांवर बेतलेली असते.

परदेशी जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आफ्रिकेतही फुरशाची भावंडे आहेत, पण भारतीय फुरशाच्या विषापासून केलेली लस त्यांच्या विषावर नीट चालत नाही. घानामध्ये अशी लस वापरल्यावर मृत्यू वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. साप दिसायला चुलत असला तरी औषध त्या देशाचेच हवे. काही ठिकाणी पाहण्याचे नियमही कडक आहेत. इंडोनेशियात कोमोडोची दहा फुटी घोरपड वनरक्षक सोबत घेऊनच पाहावी लागते. गॅलापॅगोस बेटांवर समुद्रात पोहणारे इग्वाना माणसाला भीत नाहीत, तरी दोन मीटर अंतर राखावे लागते. न्यूझीलंडच्या जमिनीवर तर सापच नाहीत.

पण इतक्या दूर जाण्याआधी बागलाण तरी पाहिले आहे का? हे प्राणी स्वतःची उष्णता निर्माण करीत नाहीत, ती उन्हातून व दगडांतून घेतात. एवढे कळले की कुठे पाहायचे ते आपोआप कळते. थंडीत सकाळी नऊनंतर किल्ल्याच्या पूर्वेकडील तटावर, उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळताना. पावसाळ्यात रात्रीच्या वेळी तापलेल्या डांबरी रस्त्यावर साप ऊब घ्यायला येतात आणि मोटारींखाली चिरडले जातात. कांद्याच्या चाळीत उंदीर आले की पाठोपाठ धामण येते. तिला मारणारा शेतकरी उंदरांचेच भले करतो.

उघड्या खडकाळ माळांवर उन्हाळ्यात गळ्याची रंगीत पिशवी पंख्यासारखी उघडणारा सरडा असतो. अशा सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये आपल्या मराठी 'सरडा' या शब्दावरूनच 'सराडा' हे नाव दिले. त्यांच्याच दुसऱ्या गटाचे नाव 'सिटाना', क्यूव्हिएने १८२९ मध्ये ठेवलेले. त्याचा सटाण्याशी काही संबंध नाही, हे मला जरा नाराजीनेच मान्य करावे लागले.

या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघालो, या वेळी मुल्हेरला. तटाच्या ढासळलेल्या दगडांवर एक घोरपड उन्हात पसरली होती. घोरपडीला दोर बांधून गड चढल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण जिवंत घोरपड आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली नव्हती. वीस पावलांवर आम्ही अकराजण बसून राहिलो. ती मधूनमधून दुभंगलेली जीभ बाहेर काढून वास घेत होती. कोणी दगड उचलला नाही. ऊन चढल्यावर, साधारण साडेदहाला, ती सावकाश उठली आणि एका फटीत शिरली. शेपटीचे टोक बराच वेळ बाहेर दिसत होते.