समुपदेशनात नेमके काय घडते?

प्रश्न : दहावीतील मुलगी परीक्षेच्या धास्तीने रात्र-रात्र जागते. शाळेने समुपदेशकांचे नाव सुचवले आहे. पण त्यांच्याकडे नेल्यास तिच्यावर ‘वेडी’ असा शिक्का बसेल का?
– एक पालक, सांगली

उत्तर : समुपदेशन घेणे हे मनोविकाराचे लक्षण नसून, प्रशिक्षित व्यक्तीच्या साहाय्याने अडचण समजून घेऊन स्वतःच मार्ग शोधण्याची ती प्रक्रिया असते. सुमारे पाऊण तासाच्या भेटींत आधी विश्वास जुळतो, मग ‘गणितात गुण गेले की सगळे संपले’ यांसारखे भीतीमागचे विचार तपासले जातात आणि अभ्यासाचे छोटे टप्पे, झोपेची शिस्त असे उपाय ठरतात. संभाषण गोपनीय राहते, मात्र जिवाला धोका दिसल्यास पालकांना कळवले जाते. औषधे समुपदेशक देत नाहीत; मुलीने जेवण टाकल्यास वा मरणाची भाषा केल्यास मानसोपचारतज्ज्ञांना तातडीने भेटावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही चोवीस तास उपलब्ध असते.