मंडळातलं हवामान केंद्र रात्री झोपतं का?

प्रश्न : आमच्या महसूल मंडळात खांबावर स्वयंचलित हवामान केंद्र आहे. सौर पाटी एवढीशी, श्रावणात कित्येक दिवस ऊन नाही, तरी पावसाची नोंद जात राहते. गावातला इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणतो, ‘त्याचं क्लॉक कमी करतात.’ मग नोंदीची वेळ चुकत नाही का?
– एक वाचक, भूम तालुका, जि. धाराशिव

उत्तर : मुलाचं बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. पीकविम्याचा हिशोब अशा नोंदींशी जोडला जातो, तेव्हा विचारायलाच हवं.

अशा यंत्रात साधारणपणे दोन क्लॉक असतात. एक वेळ राखणारं. त्याचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो, म्हणजे एक सेकंद. याला वीज नगण्य लागते, म्हणून ते कधीच बंद करत नाहीत. दुसरं काम करणारं, सेकंदाला लाखो-कोट्यवधी ठोके देणारं. चिपची बरीचशी वीज ठोक्यागणिक खर्च होते. त्यामुळे काम नसताना हे थांबवतात. पर्जन्यमापकातली छोटी पळी भरून कलंडली की चिप जागी होते, मोजणी एकाने वाढवते आणि परत झोपते.

खरी डोकेदुखी पुढे आहे. जुन्या गिरणीत एकाच इंजिनाच्या शाफ्टवर पुल्या बसवून चक्की आणि कडबाकुट्टी दोन्ही चालवत. इंजिन मंद केलं की दोन्ही मंद. चिपमध्येही एका मूळ क्लॉकवरून भागाकार करून अनेक भागांना ठोके जातात. समजा मूळ वेग सेकंदाला 80 लाख ठोके आहे आणि नोंद पाठवणाऱ्या मोडेमशी सेकंदाला 9,600 बिटच्या वेगाने बोलायचं आहे. प्रत्येक बिटला 16 ठोके धरले, तर 52 ने भागावं लागतं. कुणी वीज वाचवायला मूळ वेग 40 लाख केला आणि भाजक 52 च ठेवला, तर वेग 4,800 वर येतो. मोडेमला निव्वळ कचरा ऐकू येतो. भाजक 26 करायला हवा होता.

म्हणून ड्रायव्हरने, म्हणजे चिपचा एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, परस्पर वेग बदलायचा नसतो, मागायचा असतो. लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांत त्यासाठी 2012 सालच्या 3.4 आवृत्तीपासून सामायिक क्लॉक व्यवस्था आहे. त्याआधी जवळपास प्रत्येक चिप-कुटुंबाचा आपापला कारभार होता. मागितलेला वेग नेमका मिळेलच असं नाही, म्हणून शहाणा ड्रायव्हर मिळालेला वेग परत विचारून घेतो. बदलाआधी सूचना मागून ठेवलेल्या ड्रायव्हरांना ती मिळते आणि त्यांना नकारही देता येतो. कोणतं क्लॉक किती जण वापरताहेत याची मोजणी ठेवतात. शेवटच्याने सोडल्यावरच ते बंद होतं. यंत्र सुरू होताना कुणीच न मागितलेली क्लॉक लिनक्स बंद करून टाकतं. ड्रायव्हर मागायला विसरला, तर धडधाकट भाग अचानक मुका होतो आणि नवखा माणूस तारा तपासत बसतो.

आता वेळेचं. ते वेळ राखणारं क्लॉक 25 अंशांच्या आसपास अचूक चालतं, उन्हात मागे पडतं. पेटी 55 अंशांपर्यंत तापली, तर दिवसाला सुमारे अडीच सेकंद. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेऊन ही चूक दुरुस्त करता येते. पावसाच्या नोंदीला एवढ्याने काही होत नाही. तिला बाधा येते ती पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाचोळा किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकल्याने. तसं दिसलं तर पेटीला हात न लावता सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना कळवा.