तीनशेचे साडेचारशे

प्रोसेसरवर छापलेला वेगाचा आकडा ही त्याच्या ताकदीची सीमा असते, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. वास्तविक ती उत्पादकाने दिलेली हमी असते. १९९८ साली इंटेलने काढलेला सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. या सेलेरॉनचा गुणक ४.५ असा कायमचा बांधलेला आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३००. हौशी मंडळींनी मदरबोर्डवर बसच १०० केली आणि गुणाकार ४५० झाला! (हा हिशेब शाळकरी मुलालाही यावा.) त्या वेळच्या महागड्या पेंटियम-२ चा वरचा वेगही तेवढाच होता. पेंटियम-२ ची ५१२ किलोबाइटची कॅश चिपबाहेर, निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची अवघी १२८, पण चिपमध्येच आणि पूर्ण वेगाची. म्हणून तो कामातही फारसा मागे पडत नसे.

मात्र प्रत्येक नग ४५० वर टिकेच असे नव्हे. काहींना व्होल्टेज वाढवून द्यावे लागे, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.० चे २.२ केले, तर वेग तोच ठेवूनही ती सुमारे २१ टक्के जास्त!

आज इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांचा गुणक बांधलेलाच असतो. 'के' अक्षराच्या महाग प्रोसेसरांचा मोकळा. माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या आणि जुन्या संगणकावर भागवणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरी वाट बरी वाटते: त्याच सॉकेटचा वरचा, वापरलेला प्रोसेसर. माझ्या मदरबोर्डच्या यादीत असा एक आहे. त्यासाठी बायोस नवे करावे लागेल, आणि पंखाही मोठा घ्यावा लागेल.