सहा महिन्यांत तयार होणारा टॅपिओका : वाणसंग्रहातून निवड

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांनी टॅपिओकाचे झाड पाहिले असेल. मूळचा दक्षिण अमेरिकेतील हा कंद पोर्तुगीजांबरोबर केरळात आला आणि पुढे आपल्या उपवासालाही चालू लागला. तमिळनाडूत सेलमच्या परिसरातील कारखाने त्याच्या पिष्टापासून साबुदाणा तयार करतात. केरळात मात्र तो गरिबाच्या ताटातील अन्न आहे.

या पिकाची अडचण काळाची आहे. मलायातून आलेला व चवीसाठी नावाजलेला 'एम ४' हा वाण जमीन सुमारे दहा महिने अडवून ठेवतो. भात निघाल्यावर त्याच खाचरात कंद लावून पुढच्या भाताआधी काढावयाचा, तर हाती सहा-सात महिनेच उरतात. म्हणून लवकर तयार होणाऱ्या वाणांचा शोध घेणे आवश्यक ठरले. तिरुवनंतपुरम येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने हे काम केले.

टॅपिओकाची लागवड खोडाच्या तुकड्यांपासून होते. त्यामुळे वाणाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहतात. बियांपासून उगवलेली रोपे मात्र एकमेकांसारखी नसतात. अशा रोपांतून शेतकऱ्यांनी निवडलेली झाडे परसापरसांतून टिकली आणि त्यांतूनच विविधता साठली. ती गोळा करताना एकच वाण दोन गावांत दोन नावांनी सापडतो, तर कधी एका नावाखाली दोन वाण निघतात. पानाचा आकार, देठाचा रंग, सालीची छटा यांवरून ओळख पटते. उत्पन्न मात्र त्यांवरून कळत नाही.

त्यासाठी सर्व वाण एकाच वेळी, एकाच शेतात लावून ठरावीक महिन्यांनी थोडी थोडी झाडे उपटावी लागतात. धान्याप्रमाणे हा कंद एका ठरावीक दिवशी पिकत नाही. तो फुगत राहतो. सहाव्या महिन्यात कोणाचा कंद भरला आणि कोणाची केवळ पाने माजली, हे वजनकाटाच सांगतो. कंद हवेत व पाण्यात तोलून पिष्टाचा अंदाज घेतात, कारण लवकर काढलेला कंद पाणचट असेल तर कारखानदार भाव पाडतो आणि खाणाराही नाक मुरडतो.

अशा निवडीतून १९८७ साली 'श्री प्रकाश' आणि १९९८ साली 'श्री जया' व 'श्री विजया' हे वाण प्रसारित झाले. शेवटचे दोन सहा-सात महिन्यांत हेक्टरी सुमारे २५ टन किंवा त्याहून अधिक कंद देतात. १९७१ चा 'एच १६५' हा संकरित वाण याहून अधिक देतो, पण आठ-नऊ महिने घेतो. केवळ हेक्टरी टनांवर वाणाची किंमत ठरविणे म्हणूनच चुकीचे होय. मोकळ्या झालेल्या महिन्यांचाही हिशेब मांडावयास हवा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'श्री जया' आणि 'श्री विजया' हे दोन्ही वाण पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या मोझॅक रोगाला बळी पडतात, आणि रोगट बेणे वापरल्यास रोग बेण्याबरोबरच पुढच्या हंगामात जातो. रोगप्रतिकारक्षम 'श्री पद्मनाभ' नायजेरियाहून आणलेल्या वाणातून मिळाला. लवकर तयार होणे आणि रोगाला दाद न देणे हे दोन्ही गुण एका झाडात आणावयाचे, तर परदेशी वाणांइतकाच परसातील जुना कंदही संग्रहात जपावा लागतो.