क्लोनिंग आणि इस्लामी दृष्टिकोन



माणूस आता प्रयोगशाळेत माणूस घडवू शकेल का, आणि तसे घडले तर निर्माता कोण, हा प्रश्न आज शाळा-महाविद्यालयात शिकणारी आपली मुले घरी येऊन विचारतात. त्यांना दटावून गप्प करणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. ज्या धर्माने ज्ञानप्राप्ती हे कर्तव्य ठरविले, त्याच्या अनुयायांनी आधी विषय समजून घ्यावा आणि मगच मत मांडावे.

क्लोनिंग म्हणजे काय?

सामान्यतः सजीवाला निम्मे आनुवंशिक गुणधर्म पित्याकडून व निम्मे मातेकडून मिळतात. क्लोनिंगमध्ये मादीच्या बीजांडातील केंद्रक काढून टाकतात आणि त्या जागी दुसऱ्या प्राण्याच्या शरीरपेशीतील केंद्रक आणतात. विजेच्या सौम्य धक्क्याने त्या पेशीचे विभाजन सुरू होते. तयार झालेला भ्रूण गर्भाशयात ठेवला जातो. जन्मणारे पिल्लू हे ज्याची शरीरपेशी घेतली, त्या प्राण्याचे जणू उशिरा जन्मलेले जुळे भावंड असते.

याच पद्धतीने ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत 'डॉली' ही मेंढी जन्मली. इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७७ बीजांडांवर प्रयोग केला. त्यांतून २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवण्यात आले आणि जन्मास आले ते एकच कोकरू. आपल्या देशातही कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ साली या तंत्राने म्हशीची पारडी जन्मली. त्यांतील पहिले अल्पावधीतच दगावले.

हे 'निर्माण करणे' आहे का?

नाही. वैज्ञानिकाने पेशी बनविली नाही, तिच्यातील जीवनही त्याने दिले नाही. बीजांड, केंद्रक, गर्भाशय आणि पेशीविभाजनाचा नियम हे सारे अल्लाहने आधीच निर्माण केलेले आहे. माणसाने केवळ मांडणी बदलली. बी पेरणारा शेतकरी अंकुराचा निर्माता ठरत नाही, तसेच हे आहे. अल्लाहखेरीज ज्यांना पुकारले जाते ते सर्व एकत्र आले तरी एक माशीही निर्माण करू शकणार नाहीत, हा सूरह हजमधील दाखला आजही तितकाच खरा आहे. पित्याविना जन्म हीदेखील श्रद्धावंतासाठी नवलाची गोष्ट नाही. ह. ईसा (अ.) पित्याविना जन्मले आणि ह. आदम (अ.) माता-पित्याविना. म्हणून क्लोनिंगच्या वार्तेने ईमान डळमळण्याचे काहीच कारण नाही.

मग मनाई कशासाठी?

खरा प्रश्न श्रद्धेपेक्षा आचरणाचा आहे. सूरह फुरकानमध्ये अल्लाहने वंशाचे नाते आणि विवाहाचे नाते ही आपली देणगी म्हणून सांगितली आहे. समजा, एखाद्या स्त्रीच्या शरीरपेशीपासून मूल जन्मले. ते तिचे अपत्य की भावंड? त्याचा पिता कोण? त्याचा वारसाहक्क कोणाकडून? त्याला कोणाशी विवाह निषिद्ध? शरीअतचा कौटुंबिक कायदा ज्या नात्यांवर उभा आहे, तीच नाती येथे पुसली जातात, आणि त्याची शिक्षा एका निष्पाप जिवाला भोगावी लागते.

दुसरे असे की, २७७ प्रयत्नांत एक यश, हा हिशोब मेंढीच्या बाबतीत मांडला गेला. माणसाच्या बाबतीत तो मांडण्याचा अधिकार कोणाला आहे? आदमच्या संततीला अल्लाहने प्रतिष्ठा दिली आहे. तिला प्रयोगाचा कच्चा माल बनविता येत नाही.

याच कारणांनी जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली आपल्या दहाव्या अधिवेशनात मानवी क्लोनिंग निषिद्ध ठरविले. पती-पत्नीच्या नात्यात तिसऱ्याचे बीजांड, शुक्राणू, गर्भाशय वा पेशी आणण्यासही तिने मनाई केली. मात्र वनस्पती, सूक्ष्मजीव व प्राणी यांच्या बाबतीत, शरीअतच्या मर्यादेत आणि लोककल्याणासाठी, हे तंत्र वापरण्यास अनुमती दिली. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही मानवी प्रतिष्ठेशी विसंगत अशा मानवी क्लोनिंगला बंदी घालण्याचे आवाहन सदस्य देशांना केले. उपचारासाठी भ्रूणातून मूळपेशी काढण्याबाबत मात्र विद्वानांत मतभेद आहेत, कारण त्यात भ्रूण नष्ट होतो.

आपल्या घरांसाठी बोध

अपत्यहीन दांपत्यांनी या मनाईने निराश होऊ नये. विवाहबंधन कायम असताना पती-पत्नीच्याच बीजांपासून केलेली कृत्रिम गर्भधारणा ही वेगळी गोष्ट आहे आणि आवश्यक दक्षता पाळून तिला अनेक विद्वानांनी अनुमती दिली आहे. असा निर्णय घेण्यापूर्वी जाणकार आलिम आणि डॉक्टर या दोघांचाही सल्ला घ्यावा.

आणि ज्यांचे मूल अल्लाहने परत बोलावले, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की क्लोन म्हणजे गेलेल्याचे परत येणे नव्हे. चेहरा सारखा असेल. पण आत्मा वेगळा, आयुष्य वेगळे आणि कर्मांचा हिशोबही वेगळा. जुळी भावंडेसुद्धा दोन स्वतंत्र माणसे असतात. गेलेल्यासाठी दुआ करावी, सब्र करावा. भेटीची आशा परलोकात आहे.

अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि मर्यादेचे भान देवो. आमीन.