तिसऱ्या वेताची तजवीज

फाल्गुनात फळलेली गाय मार्गशीर्षात विते. त्यामुळे तिला आटवण्याची वेळ नेमकी दसऱ्याच्या आगेमागे, म्हणजे हिरवा चारा मुबलक असतो, दिवाळीमुळे दुधाला मागणी असते आणि गाभण असूनही गाय दिवसाला आठ-दहा लिटर दूध बिनतक्रार देत असते, अशा दिवसांत येते. नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील संकरित गाईंच्या गोठ्यांत वर्षातील सर्वांत महागडी हयगय होते ती याच पंधरवड्यात, कारण आज हाती येणारे दूध दिसते आणि त्यापायी पुढच्या वेतातून वजा होणारे दूध कोणाच्याच वहीत मांडलेले नसते.

गाय विकत घेताना आपण सकाळ-संध्याकाळचे दूध विचारतो, वेत कितवे हे फार तर दात पाहून ताडतो, आणि त्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मात्र ध्यानी घेत नाही. पहिलारू गाय आपल्या पूर्ण सामर्थ्याच्या सुमारे पाऊण हिश्श्याइतकेच दूध देते. दुसऱ्या वेतात ते प्रमाण शेकडा ८५ ते ९० पर्यंत चढते, आणि तिसऱ्यापासून पाचव्या वेतापर्यंत तिच्या दुग्धोत्पादनाचा कमाल काळ असतो. म्हणजे पहिल्या वेतात ३०० दिवसांत ३,००० लिटर देणारी कालवड नीट सांभाळली, तर तिसऱ्या-चौथ्या वेतात ४,००० लिटरच्या घरात जाण्याची अपेक्षा बाळगणे गैर नाही. याउलट तिच्या संगोपनावर अडीच-तीन वर्षे झालेला खर्च फिटण्यातच पहिले वेत बहुतांशी खर्ची पडते. अमेरिकेतील मोठमोठ्या गोठ्यांत होल्स्टीन गाय वांझपणा, कासदाह किंवा लंगडेपणा यांपैकी कशाने तरी सरासरी जेमतेम तीन वेते काढून कळपाबाहेर जाते. तिथे तिची किंमत मांस म्हणून वसूल होते आणि जागी नवी कालवड उभी राहते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी असल्याने तो मार्ग नाही. तेव्हा गाय जितकी लवकर निकामी होईल, तितकी अधिक वर्षे तिला फुकट पोसण्याचा बोजा मालकाच्याच माथी राहणार, हे ज्याने त्याने आपल्या जमाखर्चात आताच मांडून ठेवावे.

विण्यापूर्वी ६० दिवस गाय भाकड ठेवणे ही चैन नव्हे. या दोन महिन्यांत कासेतील जीर्ण पेशी जाऊन नव्या तयार होतात. हा काळ ४० दिवसांहून कमी झाला तर पुढील वेताचे दूध हमखास घटते, आणि पहिल्या वेताच्या गाईची तर अजून वाढ चालू असल्याने तिला पुरे दोन महिने मिळालेच पाहिजेत. आटवताना एक वेळ धार काढायची, मग दिवसाआड, मग चार दिवसांनी, असा महिनाभर घोळ घालू नये. आठवडाभर आधीपासून खुराक बंद करून कडब्यावर आणावे, शेवटची धार पूर्ण काढावी, आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने चारही सडांत प्रतिजैविकाच्या नळ्या सोडून धार कायमची थांबवावी. नळी सोडण्यापूर्वी सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसण्यात कसूर झाली, तर औषधासोबत रोगही आत जातो. पहिले काही दिवस कास फुगलेली दिसते म्हणून कनवाळूपणाने पुन्हा पिळू नये. दाब वाढल्यानेच दूध ओसरते. कास गरम, लाल वा दुखरी लागली तर गोष्ट वेगळी.

मुक्तसंचार गोठ्यात खुराक टाकण्याच्या वेळी दहा मिनिटे गव्हाणीपासून थोडे दूर उभे राहून पाहावे. थोराड गाई आधी येतात, शिंगे नसली तरी मानेच्या एका हिसड्याने शेजारणीला बाजूला सारतात, आणि नुकतीच व्यालेली पहिलारू मागे घुटमळत राहते. तिची पाळी येते तेव्हा भरडा संपलेला असतो आणि मुरघासातील मक्याच्या जाड कांड्यांचे तुकडे तेवढे तळाशी उरलेले असतात. मग मालक म्हणतो, हिचे वाणच हलके! वास्तविक तिला दूध, स्वतःची वाढ आणि पुढला गर्भ असे तीन खर्च एकाच मिळकतीतून भागवायचे असतात. पहिलारूंचा कप्पा निराळा करावा, आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो हा जो खुराकाचा ठोकळ हिशेब आहे, त्यावर व शरीरपोषणाच्या दीड किलोवर तिला आणखी एक किलो द्यावा. माझ्या मते दुसऱ्या वेतात ‘अचानक’ दूध घटलेल्या किंवा वारंवार उलटणाऱ्या गाईंपैकी बऱ्याच जणींचे दुखणे या गव्हाणीपाशी सुरू झालेले असते.

तिसऱ्या वेतापासून धोका वेगळा. वाढत्या वयाबरोबर हाडांतून रक्तात चुना सोडण्याची शक्ती मंदावते, आणि व्याल्यावर चिकातून तो एकदम बाहेर जातो. परिणामी दोन-तीन दिवसांत दुग्धज्वर उद्भवतो. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडते, कान गार लागतात, गाय मान कुशीकडे वळवून बसते. अशा गाईला तोंडाने औषध पाजू नये, ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यकाला बोलवावे आणि शिरेतून कॅल्शियम त्यानेच सावकाश द्यावे. प्रतिबंधाच्या नावाखाली विण्याआधी कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याची जी रूढी पडली आहे, ती उलट बाधक, कारण आयता चुना मिळत राहिला की शरीर हाडांतला काढण्याची सवय सोडते. म्हणून शेवटचे तीन आठवडे लसूणघासही बंद ठेवावा; कॅल्शियम द्यायचे ते व्याल्यावर. त्यातच याच सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू होऊन वाढे स्वस्त होते आणि गोठेच्या गोठे त्यावर निभावतात. वाढ्यातील ऑक्झलेट चुना बांधून ठेवते. तेव्हा दुभत्या गाईला केवळ वाढ्यावर ठेवू नये, चुन्याची निवळी शिंपडून, मुरघास किंवा कडबा जोडीला देऊन ते बेताने घालावे, आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम चुकवू नये.

व्याल्यानंतर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखर गाठते, भूक मात्र त्यानंतर महिनाभराने. मधल्या काळात गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. भाकड काळात ती फार लठ्ठ झालेली असेल तर तिला किटोसिस होतो, फार रोड असेल तर माज दिसत नाही. शिखरावर एक लिटर अधिक मिळाले, तर संपूर्ण वेतात सुमारे २०० लिटरची भर पडते, म्हणून खुराक वाढवावा, पण रोज थोडा थोडा. एकदम वाढवला तर पोटात आम्ल होऊन खूर बिघडतात. साठाव्या दिवसानंतरचा माज साधून नव्वदीच्या आत गाय फळवावी.

नोंदवहीत प्रत्येक गाईला एक पान द्यावे आणि त्यावर वेताचा क्रमांक, विण्याची तारीख, शिखराचे दूध, फळल्याची तारीख व आटवल्याची तारीख एवढा तपशील ठेवावा. बाजारात गाय न्यायची वेळ आलीच, तर दोन गाईंचे रोजचे दूध न ताडता ही पाने शेजारी ठेवून पाहावीत: पहिल्या वेतात १४ लिटरवर थांबलेली पण वेळेवर फळलेली गाय ठेवावी, आणि १८ लिटर देऊन वर्षभर उलटत राहिलेली विकावी.