थर, पदर आणि तह : एका अर्थक्षेत्राचा तौलनिक विचार

एकावर एक रचना दर्शविणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत : स्तर, थर, पदर, पापुद्रा, पुट, घडी. कोशांत ते परस्परांच्या अर्थादाखल येतात. प्रत्यक्ष वापरात मात्र एकाच्या जागी दुसरा क्वचितच चालतो. असे का व्हावे, हा प्रश्न अनुवादकाच्या दृष्टीने अगत्याचा आहे.

‘स्तर’ हा तत्सम शब्द ‘स्तृ’ (पसरणे) या धातूपासून सिद्ध होतो. ‘विस्तार’ व ‘आस्तरण’ हे त्याचेच सगोत्र होत. ‘थर’ हे त्याचे तद्भव रूप. शब्दारंभीच्या ‘स्त’चा प्राकृतात ‘थ’ होतो. ‘स्तन’पासून ‘थान’ झाले ते याच नियमाने. मूळ एकच असूनही मराठीने दोघांत कामाची वाटणी केली. धुळीचा, सायीचा, दहीहंडीचा तो थर. समाजाचा किंवा शिक्षणाचा तो स्तर.

इतर शब्दांचा भेद त्यांच्या क्रियापदांवरून स्पष्ट होतो. थर साचतो, पुट चढते, घडी पडते, पापुद्रा निघतो आणि चिरोट्याला पदर सुटतात. थरात संचयाची, पुटात बाहेरून लाभलेल्या आवरणाची, तर पदरात एका वस्तूत राहूनच सुटे दिसण्याची कल्पना आहे. म्हणून कथेला ‘अनेक पदर’ आहेत असे समीक्षक म्हणतो, तेव्हा ‘अनेक थर’ म्हटल्याने तोच अर्थ साधत नाही.

शेजारभाषेच्या नित्य सहवासात या वाटणीची खरी कसोटी लागते. अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकरांच्या कारकिर्दीपासून मराठी कुटुंबे झाशीत स्थायिक होत गेली. विष्णुभट गोडसे यांच्या, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘माझा प्रवास’ या ग्रंथात त्या मराठी झाशीचे दर्शन घडते. जुन्या शहरातील बडा बाजारासारख्या पेठेत व्यवहाराची भाषा हिंदी. तेथे ‘परत’ म्हणजे थर. मराठी माणसाच्या घरी ‘परत’ म्हणजे माघारी किंवा पुन्हा. कापडाच्या दुकानात ‘तह’ म्हणजे घडी. फारसीत तळ हाही त्याचा अर्थ. मराठीत मात्र ‘तह’ म्हणजे करार.

हा दुसरा अर्थ झाशीला परका नाही. १८१७ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने रामचंद्ररावांचा व त्यांच्या वारसांचा झाशीवरील हक्क मान्य केला होता. १८५३ साली गंगाधरराव निवर्तले. त्यांचे दत्तकविधान नाकारून १८५४ मध्ये कंपनीने संस्थान खालसा केले. त्या शहरातील मराठीभाषकाला एकाच ध्वनिरूपात कापडाची घडी आणि मोडलेला करार, दोन्ही ऐकू येतात.

अशा द्विभाषिक समाजाच्या मराठीत ‘परत’ किंवा ‘तह’ हिंदी अर्थाने आला, तर त्याला अशुद्ध ठरवून बाजूला सारण्याची प्रवृत्ती असते. तसे केल्यास सहवासाचा पुरावाच पुसला जातो. अनुवादकाने व कोशकारानेही येथे दोन्ही अर्थ स्थळनिर्देशासह नोंदवावेत. आणि पर्याय निवडताना वस्तू साचली, सुटली, चढली की दुमडली, हे आधी पाहावे. शब्दाची निवड त्यावर अवलंबून आहे.